खुर्चीची उंची

बटाट्याची काढणी ऐन भरात आली आणि नेमके तेव्हाच आत्याचे गुडघे बसले. सकाळी ती शेडच्या कोपऱ्यात जमिनीवर टेकली ती संध्याकाळी दोघींनी बगलेत हात घालून उठवेपर्यंत तिथेच होती. कामावरच्या बायकांच्या ज्या पोरांना तिने दिवसभर उचलायचे ती पोरे तिच्याच खांद्याला धरून उभी राहायला शिकत होती आणि ती खांबासारखी निश्चल बसून त्यांना शाबासकी देत होती.

"बरंच झालं," घरी खाटेवर पाय लांब करीत ती म्हणाली. "मी उठले असते तर त्यांनी धरलं काय असतं?"

तिचा भाऊ सुतार. तो दारात बसून खुरप्याला मूठ बसवीत होता. "ताई, गुडघ्याला तेल लाव."

"तेल लावून लावून खाट चिकट झाली. गुडघा आहे तिथेच आहे."

सुताराची बायको त्याच शेडमध्ये बटाटे निवडायला जात असे. ती हातपाय धुऊन आत आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मुकादम काय म्हणाला ऐकलं का? पोरांकडे बघायला माणूस नसेल तर तान्ह्या पोरांच्या आयांनी उद्यापासून यायचं नाही. पोरानं फिरत्या पट्ट्यात हात घातला तर नाव मुकादमाचं खराब होईल म्हणे."

"हाताचं काय?" आत्याने विचारले.

"हाताबद्दल काही बोलला नाही."

यावर तिघांनीही मान वळवून सुताराच्या लेकीकडे पाहिले. ती चुलीपाशी भांडी आवरीत होती. तिघांचे डोळे पाठीला टोचल्यासारखे तिने मागे वळून पाहिले आणि म्हणाली, "दुपारची जाईन. सकाळची शाळा आहे."

लेकीने वर्षभराचे एक प्रशिक्षण घेतले होते. ते पुरे केल्यावर उमेदवाराला शाळेत वर्गमदतनीस होता येते किंवा तान्ह्या मुलांच्या संगोपनाचे काम करता येते. ही दोन कामे एकच आहेत, असा ते प्रशिक्षण आखणाऱ्या विद्वानांचा समज असावा. मूल मोठे काय, लहान काय, दोन्हीकडे मूलच. त्यांनी नेमलेल्या जाडजूड पुस्तकात मूल रडत नसे, 'अस्वस्थता व्यक्त करीत' असे. पडत नसे, 'अवकाशाचा अनुभव घेत' असे. शेंबूड हा शब्द त्या संपूर्ण ग्रंथात कुठेही आलेला नव्हता. यावरून तो ग्रंथ कुणी लिहिला आणि त्या वेळी त्यांची मुले कुणाच्या कडेवर होती, याचा अंदाज बांधता येतो.

काढणीपुरते शाळेने तिला सकाळसाठी घेतले होते. आता दुपार शेडने घेतली. काढणी संपली की दोघांनाही उत्तर हवे होते.

"त्यात विचार कसला करायचा?" आई म्हणाली. "शाळा. पोरं काय, कुणीही सांभाळतं."

आत्याने खाटेवर फक्त कूस बदलली. पण ती अशी बदलली की खाट मोठ्याने करकरली.

सुताराने मूठ ठोकून झाल्यावर भिंतीशी टेकवलेल्या लाकडाकडे बोट दाखवले. जुन्या दाराचे चांगले वाळलेले लाकूड होते. "तुला खुर्ची करतो. दोन्हीकडे तुला बसायला काही नाही, ऐकलंय मी. फक्त उंची सांग."

"ठरलं की सांगते, बाबा."

"काढणी संपेस्तोवर सांग. मग अवजारांची कामं येतात."

लेकीला बसायला काही नव्हते हे खरेच होते. शाळेत प्रत्येक वस्तूला जागा नेमून दिलेली होती. फळ्याला, कपाटाला, नकाशाला, झाडूलासुद्धा. झाडू कुठे ठेवायचा याची पाटी होती. मदतनीस कुठे ठेवायची याची नव्हती. लेक शेवटच्या बाकाच्या टोकाला, सात वर्षांच्या मुलासाठी बेतलेल्या फळीवर, गुडघे हनुवटीला लावून बसे.

तिच्या शेजारच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी मंद नव्हती आणि खोडकरही नव्हती. ती फक्त बसत नसे. बाकावर टेकताच तिच्या टाचा वाजू लागत, टाचांवरून ती थरथर गुडघ्यांत चढे आणि ती मानेपर्यंत पोहोचली की भिंगरी उठून वर्गाच्या मधोमध स्वतःभोवती फिरू लागे. दोन शिक्षकांनी तिला दारापाशी फिरायला सांगून पाहिले होते. तिसऱ्या होत्या या बाई. बाईंच्या वर्गात चाळीसच्या वर मुले होती, त्यांचा आवाज बसलेला असे, आणि तरीही त्या कधी खेकसत नसत. मदतनीस मागून मागून त्यांनी मिळवली होती.

पहिल्याच दिवशी भिंगरीने पाय पुढे केला. "ताई, लेस."

लेक वाकली, लेस बांधली. भिंगरीचे नाक आले, लेकीने पुसले. भिंगरीने पेन्सिल उलटी धरली, लेकीने सुलटी करून दिली. बाईंनी प्रश्न विचारला, भिंगरीने तोंड उघडले आणि लेकीने हळूच उत्तर सांगितले.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बाजूला घेतले. "अगं, आज सकाळपासून वर्गात कुणी काय केलं?"

"मी... तिला मदत केली, बाई."

"तू तिची सगळी शाळा केलीस. तिनं फक्त पाय पुढे केला." मग जरा हसून म्हणाल्या, "उद्यापासून हात मागे. काहीही झालं तरी. तिला जमायला वेळ लागला तर लागू दे."

लेकीने हात मागे बांधायला सुरुवात केली. ऐकायला हे सोपे वाटते. पण मुलीच्या नाकातून ओघळ निघून ओठाकडे सरकत असताना हात मागे बांधून उभे राहणे ही अंगमेहनत आहे. लेकीचे खांदे संध्याकाळी दुखत.

दुपारी शेड. शेड लांबलचक, पत्र्याची. एका टोकाला ट्रॉल्या येऊन उलटायच्या. धुळीचा लोट उठायचा आणि त्यातून बटाटे चाळणीवर उतरून पट्ट्यावरून धावू लागायचे. दोन्ही बाजूंना बायका उभ्या. हिरवा, कुजका, कुदळ लागलेला बटाटा दिसला की हात जायचा आणि बटाटा मागच्या टोपलीत पडायचा. मान खाली, हात पुढे, पाय जमिनीत रोवलेले. सुताराची बायको तिथे अशी उभी राही की तिच्या पायांखाली दोन खळगे पडले आहेत असे मुकादम म्हणायचा. मध्ये पट्टा थांबला की इतर बायका बसत. ती उभ्याउभ्याच रिकाम्या गोणींवर छापलेला मजकूर वाचीत राही. कुठल्या खताची, कुठल्या कारखान्याची, कोरड्या जागी ठेवा, उन्हात ठेवू नका. सगळे वाचून झाले की पुन्हा पहिल्या गोणीपासून.

फळ्यांच्या आडोशामागे पोरे. रिकाम्या खोक्यांत गोणींच्या घड्या घालून त्यांत तान्ही झोपवलेली असत. लांबून कुठल्या खोक्यात बटाटे आणि कुठल्यात पोर, हे कळत नसे. एकदा मुकादमाने एक खोके गाडीत चढवायला उचलले आणि ते रडले, ही हकिगत मुकादम नाकारतो आणि सगळ्या बायका सांगतात.

तिथे लेकीला कुणी काही शिकवावे लागले नाही. ती आत शिरली की तिचे अंग आपोआप डावी-उजवीकडे झुलू लागे. एक कडेवर, एक खांद्यावर, एका खोक्याला पायाच्या अंगठ्याने झोका. ओल्या पोराचे वजन तिला हातांनीच कळे. गाठोडे नावाचा एक जाडजूड गडी होता. तो सगळ्यांकडे रडे आणि तिच्या मांडीवर आला की एक मोठा उसासा टाकून ढेपाळे, जणू दिवसभर बटाटे त्यानेच निवडले.

"तुला हात आहेत," आत्या म्हणायची. गुडघे बसल्यापासून तिला बैलगाडीवर घालून आणीत आणि आडोशात टेकवून ठेवीत. बसल्या जागेवरून ती देखरेख करी.

"हात सगळ्यांनाच असतात, आत्या."

"छे. सगळ्यांना बोटं असतात."

पण एकाच देहाला सकाळी एक आणि दुपारी नेमकी उलटी शिस्त लावली की देह गोंधळतो. एका दुपारी गाठोड्याने मातीचा बटाटा तोंडाकडे नेला. लेक समोरच होती. तिने हात मागे बांधले, गुडघ्यांवर वाकली आणि शांतपणे विचारले, "तुला काय वाटतं, हे खाण्याचं आहे का? विचार कर. घाई नाही."

गाठोड्याने विचार केला आणि बटाटा चावला.

"अगं बाई!" आत्या ओरडली. "त्याला दात यायचेत अजून, आणि तू त्याची परीक्षा घेतेस?"

ही गोष्ट पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बटाट्यांच्या वेगाने गेली. चार दिवस बायका एकमेकींना हिरवा बटाटा दाखवून विचारीत होत्या, "तुला काय वाटतं? विचार कर. घाई नाही."

उलटी चूक अधिक महागात पडायची होती. ती शाळेत घडली, आणि महागात पडण्याऐवजी तिला बक्षीस मिळाले.

त्या सकाळी तपासणीला साहेब आले. साहेब पहाटे निघाले होते, रस्ता खराब होता, आणि मुख्याध्यापकांनी त्यांना भरपेट खाऊ घातले होते. एवढे सारे पोटात घेऊन ते बाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. एका बाजूला साहेब, एका बाजूला भिंगरी, मध्ये हात मागे बांधून उभी लेक. बाई पाढे घेत होत्या. वर्गात ऊब होती. खिडकीच्या काचेवर माशी घोंघावत होती.

भिंगरीच्या टाचा वाजू लागल्या.

लेकीने हात घट्ट धरले. थरथर गुडघ्यांत आली. बाईंच्या डोळ्यांत काळजी दिसली. लेकीचा उजवा हात सुटला कधी हे तिला स्वतःलाही कळले नाही; तो भिंगरीच्या पाठीवर गेला आणि थोपटू लागला. शेडमधल्या ठेक्यात. एक जोराने, दोन हळू. पाठोपाठ तिचे अंग झुलू लागले आणि नाकातून बारीक गुणगुणणे निघाले, ज्यावर गाठोडे हमखास कलंडे.

भिंगरीच्या टाचा थांबल्या. तिने डोके बाकावर टेकवले. पुढच्या बाकावरची दोन मुले एकमेकांवर रेलली. त्यांच्या पुढची आळसावली. बाईंना सगळे दिसत होते. पण त्यांचा स्वतःचाच आवाज त्या ठेक्यात सापडला होता आणि पाढा एक जोराने, दोन हळू असा चालला होता. मग साहेबांच्या हातातले पेन गळून पडले. त्यांची हनुवटी शर्टाच्या गुंडीला लागली आणि त्यांनी गाठोड्यासारखाच एक उसासा टाकला.

घंटा झाली तेव्हा साहेब दचकून उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला, आणि जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांच्या टेबलावर दोन ओळी लिहून गेले. वर्गातील शांतता अनुकरणीय आहे. विशेष लक्ष द्यावे लागणाऱ्या विद्यार्थिनीची एकाग्रता पाहता मदतनीसाचे पद कायम करावे. मदतनीसाचे नाव त्यात नव्हते. ते त्यांनी विचारलेच नव्हते.

जागेपणी इतकी वर्षे शाळा तपासून जे त्यांना उमगले नव्हते ते झोपेत उमगले, असे म्हणावे तर तेही खरे नाही. शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, हा समज त्यांनी झोपण्यापूर्वीपासूनच बाळगला होता, आणि तो बाळगणारे ते एकटे नव्हते.

मुख्याध्यापक पेढीवरच्या माणसासारखे हात चोळत आले. "मुली, तुझी जागा पक्की झाली. काढणी संपली की पूर्ण वेळ ये."

लेक बाईंकडे गेली. "बाई, ती झोपली होती."

"मला माहीत आहे. साहेबही झोपले होते." बाईंनी डस्टर आपटून खडूची भुकटी झाडली. "पण ते कागदावर येणार नाही."

"आज ती एक अक्षर शिकली नाही."

"नाही." बाईंनी डस्टर जागेवर ठेवले. "तुझे हात फार चांगले आहेत गं. खोटं कशाला बोलू? पण माझ्याकडे हातांना रजा द्यावी लागते, आणि तुला ती देताना मी रोज बघते. तोंडावर लिहिलेलं असतं."

घरी बातमी आधीच पोहोचली होती. आई दारातच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कुणी कधी न पाहिलेले हसू होते.

"कायमची! साहेबानं लिहून दिलं!"

"आई, मी तिला शिकवलं नाही. झोपवलं."

"मग? बसली ना?"

"झोपलेला माणूस बसलेला नसतो."

"तुला चांगलं दिलेलं दिसत नाही. शाळेत जातेस, शाळेत! फळा असतो, पुस्तकं असतात, घंटा होते..." आई एकदम थांबली आणि पाण्याचा हंडा उचलून आत गेली. हंडा रिकामाच होता.

आत्याने खाटेवरून भावाकडे पाहिले. सुतार एक खिळा दातांत धरून होता, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हते. किंवा त्याने त्यासाठीच धरला होता.

दोन दिवसांनी पाऊस झाला. वेळेचा नव्हता, फार नव्हता, पण शेतात चिखल झाला आणि बटाटे ओले निघणार म्हणून मुकादमाने शेड बंद ठेवली. अशा दिवशी बायका कपडे धुतात. सुताराची बायको मात्र रिकाम्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत निघाली. हातात डबा होता.

वर्गाच्या दारात ती उभी राहिली तेव्हा गोणीतून पाणी गळत होते. "हिचा डबा राहिला होता," ती बाईंना म्हणाली.

लेकीने आपल्या पिशवीकडे पाहिले. तिचा डबा पिशवीतच होता. तिने पिशवी बाकाखाली सरकवली.

"पाऊस थांबेपर्यंत आत या की," बाई म्हणाल्या.

आई आत आली आणि मागच्या भिंतीशी उभी राहिली. पाय रोवले, हात मागे बांधले. चाळणीपाशी पट्टा थांबला की ती अशीच उभी राही. मग तिने वाचायला सुरुवात केली. फळा वाचला, भिंतीवरचे तक्ते वाचले, नकाशावरच्या नद्या वरून खालपर्यंत वाचल्या, झाडू कुठे ठेवायचा तेही वाचले.

भिंगरी उठून तिच्यासमोर आली. "तू कोण?"

"हिची आई."

भिंगरीने पाय पुढे केला. "माझी लेस बांध."

"तुझा पाय, तुझी लेस."

"मला येत नाही."

"मला घाई नाही."

लेकीने हे शब्द ऐकले आणि तिचे बालपण तिच्या डोळ्यांपुढून गेले. तिची चप्पल, तिची वेणी, तिचे दप्तर. आई शेजारी हात मागे बांधून उभी, घाई नसलेली. शेजारणी म्हणत, काय कठोर बाई आहे. कठोर नव्हती असेही नाही.

भिंगरी खाली बसली. लेस ओढली, सुटली. पुन्हा ओढली. चिडून उठली, दोन गिरक्या घेतल्या आणि परत आली. आई जागची हलली नव्हती. भिंगरीने लेस तोंडात धरली, दातांनी ताणली, रडली, "जा, मी नाही बांधत," म्हणाली.

"बरं," आई म्हणाली, आणि नकाशावरची एक नदी पुन्हा वाचू लागली.

लेक आपल्याच हातांवर बसली होती. बोटे फळीखाली कळवळत होती. सारा वर्ग पाढे म्हणता म्हणता मागे वळून पाहू लागला, आणि बाईंनी कुणाला पुढे पाहायला सांगितले नाही.

शेवटी गाठ बसली. ती गाठ म्हणजे एक ओबडधोबड गोळा होता. पट्ट्यावर आला असता तर कुणीही उचलून मागे टाकला असता. भिंगरीने पाय उचलून पाहिला. ती फिरली नाही. एकेका बाकापाशी चालत गेली आणि प्रत्येकाला पाय दाखवला. बाईंच्या टेबलापर्यंत गेली, तिथून परत आली आणि आईसमोर उभी राहिली.

आईने गाठीकडे निरखून पाहिले. "दुसरा?"

भिंगरी पुन्हा खाली बसली.

पाऊस कधीच थांबला होता. आई शाळा सुटेपर्यंत उभी होती. मुले गेल्यावर बाईंनी लेकीला थांबवून विचारले, "तुझी आई शिकली किती?"

"ते ती सांगत नाही," लेक म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने बापाला विचारले. सुताराने रंधा थांबवला, आत कुणी ऐकत नाही असे पाहिले आणि म्हणाला, "शाळेची शेवटची परीक्षा दिली होती. पहिली आली होती. निकाल लागला तेव्हा लग्न होऊन आठवडा झाला होता. मलाच सांगितलं फक्त. मी म्हटलं, शीक पुढं. तर घरात..." त्याने रंधा पुन्हा चालवला. लाकडाची लांब साल निघाली. "असो."

ज्या घरात असे 'असो' म्हटले जाते ते एकच घर नाही. त्या दोन अक्षरांत किती पहिले नंबर गाडले गेले याची मोजदाद कुणी केलेली नाही. अनुकरणीय शांततेची मात्र काटेकोर नोंद होते.

काढणी संपली. शेवटची ट्रॉली उलटली, धूळ बसली, चाळणी धुतली गेली. शेडमध्ये बटाट्यांनंतर गाजरे यायची होती, तेव्हा पोरे राहणारच होती. मुकादमाने उत्तर मागितले. मुख्याध्यापकांनीही मागितले. आणि संध्याकाळी सुताराने अंगणात खुर्चीचे चार पाय ओळीने मांडले, करवत हातात घेतली आणि लेकीकडे पाहिले.

"सांग आता."

लेक जमिनीवर बसली. मग थोडी उठली, पुन्हा थोडी बसली आणि हात अधांतरी धरला. "एवढी."

"एवढीशी? ही खुर्ची की पाट?"

"बसल्यावर रांगणाऱ्याचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर आले पाहिजेत. आणि उठताना दोघींनी बगलेत हात घालायला नकोत. म्हणून जमिनीवर नाही, पण वरही नाही."

खाटेवरून आत्याचा आवाज आला, "हे मला तीस वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस, ताई," सुतार म्हणाला. "मी सुतारच होतो."

आई चुलीपुढून उठून आली. तिच्या हाताला पीठ होते. "म्हणजे शेड. साहेबानं लिहून दिलेली जागा सोडून शेड."

"हो."

"पोरं कुणीही सांभाळतं! लाख वेळा सांगितलं!"

"कुणीही नाही, आई. मी सांभाळते. ते मला जमतं. शाळेत मी फक्त झोपवते."

"आणि ती जागा? वाऱ्यावर सोडायची? ती पोर? ती आता कुठं दोन्ही लेस..."

"जागा सोडत नाही. जिची आहे तिला देते."

"कुणाची आहे?"

"माझा डबा पिशवीत असताना दुसरा डबा घेऊन आली तिची."

आईने हातावरच्या पिठाकडे पाहिले. मग ती रागावली. तिला एवढेच पटकन करता येत होते. "डोकं फिरलंय का? मी? या वयात? पोरं हसतील."

"हसू दे की," आत्या म्हणाली. "माझ्या अंगावर चढली ती. तुला नुसती हसली तर काय बिघडलं?"

"मुख्याध्यापक कशाला घेतील?"

"बाईंनी त्यांना विचारलंय," लेक म्हणाली. "कागदावर नुसतं मदतनीस लिहिलंय. नाव नाही. एक अक्षर बदलावं लागत नाही म्हणून ते फार खूश आहेत."

"आणि माझे बटाटे?"

"बटाटे काय, कुणीही निवडतं."

आईने लेकीकडे असे पाहिले की हातात लाटणे असते तर फेकले असते. मग तिच्या ओठांचे एक टोक हलले. ती वळून आत गेली.

पुढच्या आठवड्यात बुटकी खुर्ची सुताराने खांद्यावर घालून शेडमध्ये नेली. आत्याने ती कशी आहे ते पाहण्यापुरती बसून पाहिली आणि गाजरांचा पहिला दिवस संपेपर्यंत परत दिली नाही. मग कुठे लेक तीवर बसली; गाठोडे खुर्चीच्या पायाला धरून उभे राहिले, आणि डोळे लेकीच्या डोळ्यांना भिडताच हसले. दोन दात आले होते.

त्याच दिवशी सकाळी आई शाळेत गेली. धुतलेले कपडे, घट्ट बांधलेले केस. वर्गात शिरली तर शेवटच्या बाकाशेजारी एक खुर्ची होती. त्याच जुन्या दाराचे लाकूड, हातांना धार लागू नये म्हणून कडा गोल केलेल्या. खुर्चीशेजारी सुतार टोपी हातात धरून उभा होता, आणि मुख्याध्यापकांनी त्याला बसायला न सांगितल्यामुळे उभाच होता.

"हे काय आता?"

"लाकूड उरलं होतं," सुतार म्हणाला.

आई बसली. पाय जमिनीवर पुरते टेकले, पाठ जिथे टेकायची तिथे टेकली. लेकीला महिनाभर उंची विचारीत राहिलेल्या माणसाने इथे कुणाला काही विचारले नव्हते. आईने खुर्ची जरा हलवून पाहिली.

"एक पाय आखूड आहे."

"शाळेची जमीन वाकडी आहे," सुतार म्हणाला. त्याने आयुष्यात एकही पाय आखूड कापला नव्हता, आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

घंटा झाली. मुले आत घुसली. आई सवयीने उठली, भिंतीशी गेली, पाय रोवले, हात मागे बांधले. भिंगरी आली, दोन्ही लेस बांधलेल्या. तिने खुर्ची पाहिली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि चढून बसली. पाय अधांतरी लोंबत होते, त्यामुळे टाचा वाजायला खाली काही नव्हते.

"ऊठ," आई म्हणाली. "माझी आहे ती."

"तू तर उभीच असतेस."

आईने यावर विचार केला. मग ती दाराकडे निघालेल्या सुताराला म्हणाली, "अहो, अजून एक लागेल. हिच्यापुरती."

सुताराने कानामागची पेन्सिल काढली आणि भिंगरीसमोर वाकला. "उंची किती घेऊ?"

भिंगरी खुर्चीवर उभी राहिली, हात शक्य तितका वर नेला, आणि म्हणाली, "एवढी."